‘लव्ह बर्ड्‌स’ची जोडी बोलत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की मुलांचा पक्ष्यासाठी हट्ट सुरू होतो. मग मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे एकच सौदा दिसतो : जेमतेम फूटभर पिंजरा, त्यात टांगलेले मडके, पावशेर कांगणी आणि हिरव्या-निळ्या पक्ष्यांची एक जोडी. नाव ‘लव्ह बर्ड्‌स’. वर विक्रेत्याची हमी, ‘महिन्याभरात बोलायला लागतील’. बोलत कुणीच नाही. जुलैपर्यंत पिंजरा बाल्कनीत जातो आणि दिवाळीपर्यंत बहुधा रिकामा होतो. हा पक्षी बोलू शकतो, चांगलाच बोलू शकतो. पण त्याला विकण्याची आणि ठेवण्याची आपली पद्धतच त्याला मुका करते, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे. आपला हिरवा पोपट, करण पोपट आणि पहाडी मैना पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘आजोबांच्या घरी होता’ हा त्यावरचा बचाव नव्हे. बाजारात लव्ह बर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि बोलण्यात अगदी कच्चे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढत आल्या. तो पाळायला आपल्याकडे बंदी नाही. वजन ३० ते ४० ग्रॅम, आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षे, निगा चांगली असेल तर दहासुद्धा. अमेरिकेतल्या ‘पक’ नावाच्या बजीची १,७२८ शब्दांसाठी गिनीज बुकात नोंद झाली आहे. तेवढी अपेक्षा ठेवू नये, पण पाच-पंचवीस शब्द साध्या घरातही होतात.

आता जोडीचा मुद्दा. बजी थव्याने राहणारा पक्षी. थव्यात ओळख पटवण्यासाठी सोबत्याची हाक जशीच्या तशी उचलायची, ही त्याची उपजत सवय. जोडी जमताना तर नर मादीची हाक हुबेहूब काढू लागतो. म्हणजे नकलेचे यंत्र त्याच्यात आहेच. फक्त तो नक्कल करतो आपल्या सोबत्याची. पिंजऱ्यात दुसरा बजी असेल तर त्याची भाषा तयारच आहे, माणसाची शिकण्याची त्याला गरज काय? आरशाचेही तेच. आरशातला पक्षी हाच सोबती धरून तो दिवसभर त्याच्याशी बडबडतो, त्याला दाणे भरवू पाहतो आणि तुमच्याकडे पाठ फिरवतो. बोलायला शिकवायचे तर एकच पक्षी हवा, आरसा नको, आणि त्या पक्ष्याचा थवा म्हणजे तुम्ही.

यातली अडचण लपवण्यात अर्थ नाही. एकटा बजी ठेवणे म्हणजे त्याचा सगळा थवा आपल्या अंगावर घेणे. रोज दोन-तीन तास घरातले कुणी त्याच्याजवळ, बोलत-चालत असणार नसेल, दोघेही नोकरीला आणि मुले क्लासला असतील, तर सरळ दोन पक्षी मोठ्या पिंजऱ्यात ठेवावेत आणि बोलण्याचा नाद सोडावा. एकटा ठेवून त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा न बोलणारी जोडी केव्हाही बरी. दुसरा मार्ग असा : आधी एकटा आणावा, चार-पाच शब्द पक्के होऊ द्यावेत आणि मग सोबती आणावा. शिकलेले शब्द बहुधा टिकतात, नव्यांची गती मात्र मंदावते. नवा पक्षी आणल्यावर तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. बाजारातून रोग येतो तो याच वाटेने.

निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात, वय आणि नर-मादी. सहा ते दहा आठवड्यांचे, स्वतः दाणे सोलून खाणारे पिल्लू सर्वांत चांगले. ते ओळखायचे कपाळावरून : डोक्यावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडतात, कपाळ स्वच्छ होते आणि पुढे डोळ्यात पांढरे कडे दिसू लागते. पांढऱ्या आणि पिवळ्याजर्द पक्ष्यांना रेघाच नसतात, त्यांचे वय असे कळत नाही. नर की मादी हे नाकपुड्यांभोवतीच्या मांसल पट्टीवरून ठरते. प्रौढ नराची ती निळी, मादीची फिकट किंवा तपकिरी. पिल्लांत गंमत उलटी आहे. नराची पट्टी एकसारखी गुलाबी-जांभळी असते; मादीची फिकट निळसर दिसते आणि नाकपुड्यांच्या कडेने पांढरे वलय असते. ‘निळे म्हणजे नर’ एवढेच ऐकून पिल्लू घेणारा म्हणूनच हमखास मादी घरी आणतो. माद्या बोलतच नाहीत असे नाही, पण क्वचित आणि थोडे बोलतात. नराकडे कल ठेवावा.

पिंजरा एका पक्ष्याला किमान १८ इंच लांब-रुंद-उंच, जोडीला ३० इंच लांब. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. गोल पिंजरा नको. तारांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर पांढरी भुकटी असते, ती जस्ताची. पक्षी जाळी चावत चढतो, ती पोटात जाते आणि विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी, धुवावी आणि उन्हात वाळवावी. एकाच जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिक दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या फांद्या लावाव्यात, बोटाएवढ्या जाडीच्या, कमी-जास्त. जाडी बदलली की पायावरचा भार बदलतो आणि तळव्याला फोड येत नाहीत. मडके आधी काढून टाकावे. ते दिसले की मादी अंडी घालण्याच्या मागे लागते, आणि लागोपाठ अंडी घालणारी अशक्त मादी अंडे अडकून मरते. ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरावे (संपादकांनी राग मानू नये) आणि ते रोज बदलावे, कारण विष्ठेचा रंग आणि घट्टपणा ही तब्येतीची पहिली खूण आहे.

बोलण्याच्या आधी माणसाळणे. पिंजरा बसत्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून, घराच्या वर्दळीच्या पण स्वयंपाकघर नसलेल्या खोलीत ठेवावा. पहिले चार-पाच दिवस हात आत घालू नये, नुसते जवळ बसून हळू बोलावे. पुढे हात बाहेरूनच जाळीला टेकवावा. पक्षी दाणे खात राहिला तर पुढची पायरी. मग राळ्याचे कणीस हातात धरून हात दारातून आत, दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. तो कणसावर येऊन खायला लागला की तर्जनी आडवी करून पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या किंचित वर हलकेच टेकवायची आणि ‘वर ये’ म्हणायचे. तोल जातो म्हणून तो बोटावर चढतोच. मुठीत पकडू नये. बजीला वरून येणारा हात म्हणजे ससाणा. एकदा पाठलाग करून पकडला की पंधरा दिवसांची कमाई गेली. पिंजऱ्याबाहेर काढण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड, पाण्याच्या बादल्या झाकलेल्या. यातले पंख्याचे विसरले जाते.

बोटावर निवांत बसून तो पिसे साफ करू लागला म्हणजे भीती गेली, आणि शब्दाला सुरुवात करायला हरकत नाही. वय तीन ते सहा महिने असेल तर फारच छान. शिकवणारी व्यक्ती एकच असावी. बायकांचा किंवा मुलांचा वरच्या पट्टीतला आवाज त्याला जास्त जवळचा वाटतो. वेळ सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढल्या काढल्या आणि पुन्हा दिवेलागणीला, दर वेळी दहा ते पंधरा मिनिटे. टीव्ही बंद. पक्षी बोटावर किंवा तोंडासमोर वीतभर अंतरावर. एकच शब्द, एकाच सुरात, जरा सावकाश. सावकाश अशासाठी की बजी जे उचलतो ते पुढे दुप्पट वेगाने म्हणतो. तुम्ही भरभर बोललात तर त्याचे बोलणे नुसती चिवचिव वाटते.

पहिला शब्द दोन-तीन अक्षरांचा आणि क, ट, प, ब अशा स्पर्श व्यंजनांचा असावा : पिकू, टिकू, काका, बाबा. ‘मिठू मिठू’ परंपरेने चालत आले असले तरी म, न, ल, स हे ध्वनी त्याला उशिरा जमतात. पहिला शब्द स्पष्ट होईपर्यंत दुसरा सुरू करू नये. मग ‘बाबा कुठे’, ‘पिकू काय करतो’ अशी छोटी वाक्ये घ्यावीत. रोजच्या कृतीला शब्द जोडला तर आणखी बरे. दाणे घालताना ‘पिकू, खा’, कापड टाकताना ‘टाटा’. अर्थ समजून बोलतो असा दावा करू नये, पण प्रसंगाशी शब्दाची सांगड तो घालतो.

प्रगती कशी ओळखायची? तुम्ही बोलताना तो हालचाल थांबवतो, मान तिरकी करतो, बाहुली आकसते-पसरते, कधी डोके तुमच्या ओठांना लावतो. हे लक्ष देणे आहे. पुढे दुपारच्या शांत वेळी, डोळे अर्धवट मिटून तो गळ्यातल्या गळ्यात कुजबुजतो. शब्द तिथेच घडत असतो, आधी नुसता ताल, मग स्वर, शेवटी व्यंजने. या वेळी त्याच्या तोंडाशी जाऊन ‘बोल बोल’ करू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि निम्म्या वेगाने ऐकावे. अनेकदा पक्षी केव्हाच बोलू लागलेला असतो, आपल्याला ऐकू आलेले नसते. पहिल्या शब्दाला काही आठवडे लागतात, काही पक्ष्यांना पाच-सहा महिने, आणि काही नर सगळे बरोबर करूनही बोलत नाहीत. अशा पक्ष्यावर चिडून उपयोग नाही, तो बोटावर येतो, खेळतो, तेही काही कमी नाही.

शीळ आधी शिकवू नये. ती त्याला सोपी जाते, मग तो शब्दाचे कष्ट घेत नाही. ध्वनिमुद्रित शब्द दिवसभर लावून ठेवणे निरुपयोगी. ज्या आवाजामागे सोबती नाही तो त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीइतकाच. उलट तावातावाने किंवा हसत बोललेले शब्द तो एका-दोनदा ऐकूनही उचलतो, तेव्हा शिव्या पिंजऱ्यापासून दूर द्याव्यात.

काही अघोरी उपाय अजून चालू आहेत. बोलण्यासाठी पोपटाची जीभ खरवडणे हा त्यातला सर्वांत वाईट. पक्ष्याचा आवाज श्वासनलिकेच्या बुडाशी, छातीत असलेल्या स्वरयंत्रात तयार होतो. जीभ खरवडून आवाज सुधारत नाही, पक्षी खाणे सोडून मरतो. मिरचीने वाचा फुटते हाही भ्रम. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तो ती आवडीने खातो, इतकेच. दुकानदाराने एकाच बाजूचे पंख कापून दिलेला पक्षी गिरकी घेत खाली आपटतो आणि छातीचे हाड दुखावून घेतो, तोही घेऊ नये.

खाण्यात अनेक बजी एका साध्या चुकीने मरतात. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, आत एक दाणा नसतो. सुट्टीत शेजाऱ्यांवर सोपवलेला पक्षी असाच उपाशी मरतो. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारावी आणि फोलपटे उडवून मगच उरलेले मोजावे. एका पक्ष्याला दिवसाला सपाट दोन छोटे चमचे दाणे पुरतात : निम्मे राळे म्हणजे तीच कांगणी, बाकी बाजरी, वरी, मिळाल्यास कॅनरी सीड. सूर्यफुलाच्या बिया चार-दोन, त्याही बक्षीस म्हणून. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडते. आयोडीनअभावी गळ्यातली ग्रंथी सुजते, पक्षी घुसमटतो, आवाज चिरका होतो. म्हणून रोज कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस, कोवळे मक्याचे दाणे यांतले काहीतरी, नीट धुऊन. मोड आलेले मूग किंवा बाजरी उत्तम, पण उन्हाळ्यात दोन तासांनी उरलेले काढावे, आंबते. समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या सागरी प्राण्याचे पांढरे हाड, तारेने जाळीला बांधावे. कॅल्शियम मिळते आणि चोच झिजते. किनाऱ्यावर सापडलेले असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढावा. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारे शेव-फरसाण अजिबात नाही. कोकणात आणि पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते, तेव्हा अर्ध्या किलोच्या वर भरू नये.

हवेकडे कुणी पाहत नाही. पक्ष्याचे फुप्फुस हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा फार कार्यक्षमतेने घेते, आणि विषही. गॅसवर रिकामा राहिलेला नॉनस्टिक तवा अति तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू बजीला काही मिनिटांत मारतो. माणसांना वासही येत नाही. डासांची उदबत्ती, लिक्विड मशीन, धूप, फिनेल, ताजा रंग हे सगळे पिंजऱ्याच्या खोलीबाहेर. डासांसाठी पिंजऱ्यावर साधी मच्छरदाणी टाकावी. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीसमोर बारापर्यंत जागा राहणारा पक्षी चिडका होतो.

उन्हाळ्यातली खरेदी तर आणखी बेतानेच. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडच्या उन्हात चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले दिसले म्हणजे उष्माघाताची सुरुवात. पिंजरा लगेच सावलीत जमिनीवर ठेवावा, एका बाजूला ओले गोणपाट टांगावे, उथळ बशीत साधे पाणी द्यावे. बर्फाचे पाणी नको, कूलरचा थेट झोतही नको. दुचाकीवर भर दुपारी खोक्यातून पक्षी आणू नये.

बजी आजार लपवतो. पिसे फुलवून तळाशी बसला, शेपूट श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागली, म्हणजे उशीर होत आला आहे. त्याआधी वजन घटते, म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर आठवड्यातून एकदा सकाळी वजन करावे. दहा टक्के घट झाली की डॉक्टर. चोचीच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखी पांढरट, सच्छिद्र पुटे दिसली तर तो किडींचा त्रास. औषधाने पूर्ण बरा होतो, त्यावर रॉकेल लावू नये. दुकानातली प्रतिजैविकाची पूड पाण्यात टाकणे व्यर्थ आहे. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, तेव्हा मात्रा पोहोचत नाही आणि जंतू मात्र निर्ढावतात. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर आधीच शोधून ठेवावेत. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, इतरत्र पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. वाळलेली विष्ठा झाडू नये, ओली करून पुसावी. तिच्या धुळीतून माणसाला न्यूमोनियासारखा सिटाकोसिस होऊ शकतो. घरात कुणाचा ताप-खोकला हटत नसेल तर आपल्याकडे पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगावे.

कंटाळा आला म्हणून बजी ‘मोकळा’ सोडणे पुण्याचे काम नव्हे. इथले अन्न त्याला शोधता येत नाही, आणि कावळे तासाभरात त्याला टिपतात. ठेवणे जमत नसेल तर मोठी जाळीची खोली असलेल्या पक्षीपालकाकडे द्यावा.

विक्रेत्यांकडून आमची मागणी मोजकी आहे. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी-पक्ष्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर दिसू द्या, आणि गिऱ्हाइकानेही ते मागावे. पिल्लाच्या जन्माचा महिना चिठ्ठीवर लिहून द्या. पिंजऱ्यासोबत मडके फुकट देऊ नका. आणि ‘बोलतील ना?’ असे विचारणाऱ्याला आधी विचारा, घरी दिवसभर कोण असते.

आपले,
काही पक्षीपालक, पुणे